पाण्याचा दिवस आणि माझं चालणं

गेल्या ऑगस्टमध्ये माझा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ झालं की आत, असं डॉक्टरांनी रिपोर्टच्या मागेच लिहून दाखवलं. गोळी एवढ्यात नको म्हणाले, पण आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं. आईच्या तळपायाची न भरणारी जखम मी दोन वर्षं स्वतःच्या हातांनी धुतली आहे. म्हणजे भीती पुरेशी होती. तरी मी चालत नव्हते.

मी युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात खुर्चीत. घरी आलं की पाय जड, डोकं त्याहून जड. नवीन बूट आणले, ते महिनाभर खोक्यातच कॉटखाली पडून राहिले. साडेपाचचा गजर लावायचा, बंद करायचा आणि पडल्या पडल्या मनाला विचारायचं, जायचं का? मन नाही म्हणायचं. मोबाईलवर भाषणं ऐकली, उत्साहही यायचा, पण सकाळपर्यंत ओसरायचा.

एका पहाटे साडेतीनला नळ आला. सोलापूरकरांना हे सांगायला नको. आमच्या भागात चार दिवसाआड पाणी येतं, आणि वेळ कधी कुठली हे सांगता येत नाही. मी उठले, मोटर लावली, बॅरल धुतलं, हंडे भरले. शेवटची कळशी भरताना लक्षात आलं की आपण आज मनाला काही विचारलंच नाही. झोप होती, अंग दुखत होतं, पाणी भरायची इच्छा तर कणभर नव्हती. पण पाण्याच्या दिवशी इच्छा आहे का, असं कुणी विचारतं का? पाणी आलं की उठायचं. मी आळशी नव्हते. चालायच्या बाबतीत मात्र रोज नव्याने कौल लावत होते आणि रोज हरत होते.

मग ठरवलं, हेही पाणी समजायचं. वेळ रात्री जेवण झाल्यावर, नऊला. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि भांडी ओट्यावर ठेवली की लगेच बूट, मध्ये टेकायचंसुद्धा नाही. बूट दाराशी आणून ठेवले. नियम एवढाच की दहा मिनिटं चालायचं, नको वाटलं तर परत फिरायचं.

परत फिरायची वेळ फार थोड्या वेळा आली. पहिली पाच मिनिटं नकोशीच असतात, आजही असतात. नंतर अंग मोकळं होतं आणि चालणं हवंसं वाटणं तेव्हा कुठं येतं. मी इतके दिवस त्याची घरात बसून वाट बघत होते!

पण पाणी भरलं नाही तर दुसऱ्या दिवशी अडतं, चाललं नाही तर उद्या काहीच होत नाही. हा फरक मला दुसऱ्याच आठवड्यात भोवला. तेव्हा शेजारच्या अक्कांनी तारलं. अक्का तेलुगू, दिवसभर विड्या वळतात, सूप मांडीवर घेऊन पाठ वाकवून. त्यांची कंबर धरलेली. मी विचारलं तर लगेच तयार झाल्या. तेव्हापासून नऊला दारात हाक येते, "काय करालीस गं? चप्पल घाल की." दारात माणूस उभं असताना मनाचं ऐकायला वेळच मिळत नाही. यंत्रमागांचा खडखडाट ऐकत आम्ही कन्ना चौकापर्यंत जातो आणि येतो. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, तेवढा वेग बरोबर, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अक्कांना देवाचं गाणं गुणगुणता आलं, की आम्ही पाय उचलतो.

दिवाळीत सगळं मोडलं. फराळ, पाहुणे, नंतर ताप. अकरा दिवस खंड. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकलं होतं, माझे तर त्याहून जास्त होऊनही सवय लागली नव्हती. आपल्यातच खोट आहे असं वाटून मी रडले. भाचीने तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २००९ चा अभ्यास वाचून दाखवला. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला लोकांना मध्यावर ६६ दिवस लागले होते, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज होता. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. माझे अकरा चुकले होते, तरी त्या २५४ ने मला फार धीर दिला. त्याच रात्री अक्कांना मीच हाक मारली.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी, नंदीध्वजांच्या उंच काठ्या शहरातल्या ६८ लिंगांना निघतात त्या दिवशी, मी मिरवणुकीबरोबर बरंच अंतर चालले. आधीच्या वर्षी कोपऱ्यावरून नमस्कार करून घरी आले होते. फेब्रुवारीत एचबीएवनसी ५.८ आला. उंबरठा अजून सुटलेला नाही, पण मी कागद आईच्या फोटोपुढे ठेवला.

एप्रिल-मे कठीण गेले. युनिफॉर्मचा सीझन, त्यात पारा ४३ वर, रात्री नऊलाही रस्ता तापलेला. फेरी साडेदहावर नेली आणि काही दिवस खरोखर दहाच मिनिटं चाललो. तीही मी वहीत मांडली.

गेल्या आठवड्यात अक्कांची हाक आली नाही. मी त्यांच्या दारात गेले. त्या हजार विड्या पुऱ्या करून भिंतीला टेकल्या होत्या, नको म्हणाल्या. मी चपला त्यांच्या पायाशी सरकवल्या आणि म्हटलं, "अक्का, पाणी आलंय."