शामायचं वर्षाचं मीस

शामाय म्हणजे आजी. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव, भायखळा इथल्या जुन्या गोवेकर ख्रिस्ती घरांत हा शब्द अजून कानावर येतो. गोव्यातल्या साष्टी-बार्देशातून ती १९६१ आधी मुंबईत आली असेल, तर कायद्याने ती परदेशातूनच आली. तिकडे पोर्तुगालचं राज्य, इकडे आधी इंग्रजांचं, मग आपलं, आणि १९५५ नंतर गोव्याच्या सीमेवरच्या कॅसलरॉकवरून जाणारी गाडीसुद्धा बंद. पुरुषांना मुंबईत गावाची कूड, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहायची जागा, असायची: ओळीने लावलेल्या पेट्या, भिंतीशी अल्तार म्हणजे प्रार्थनेची वेदी, संध्याकाळी सक्तीची प्रार्थना. बायकांची त्यात सोय नव्हती. त्यामुळे एका खोलीत बिऱ्हाड थाटलं की कूड, चर्च आणि गावचं घर ही तिन्ही तिला त्याच खोलीत चालवावी लागत. घरावर तिचा वचक असायचा तो यामुळे. कुठल्या वारी काय म्हणायचं, कुणाच्या नावाने मेणबत्ती लावायची, कुणाकडे ताट पाठवायचं, हे तिलाच ठाऊक.

म्हणून ती गेल्यावर पहिलं वर्ष भरत आलं की घरात धांदल उडते. फोटो मोठा करून आणायला अर्धा तास लागतो. बाकीचं तसं होत नाही.

आधी मीस, म्हणजे मिस्सा, चर्चमध्ये पाद्री तिच्या नावाने करतो ती उपासना. सातव्या दिवसाचं चुकत नाही, कारण तोवर सगळे जमलेलेच असतात. वर्षाच्या मीसची तारीख मात्र चर्चच्या कचेरीत दोन-तीन महिने आधी सांगून ठेवावी. रविवारी एकाच दमात बरीच नावं वाचली जातात. फक्त तिच्यासाठी हवं असेल तर आठवड्यातलं सकाळचं मागावं. लोक कमी येतील, पण नाव एकटं येईल. चिठ्ठीवर बाप्तिस्म्याचं नाव लिहायचं. वाडीत तिला ज्या नावाने हाक मारत ते बहुधा वेगळंच निघतं, आणि मग पाद्री भलत्याच बाईसाठी प्रार्थना करतोय असं मागच्या बाकांवर कुजबुजत बसतात. बाप्तिस्म्याचा दाखला तिच्या माहेरच्या गावच्या चर्चमधून मिळतो. हल्ली तो बऱ्याच घरांत आधीच आणलेला असतो. पोर्तुगीज पासपोर्टासाठी नातवंडांना शामायचे कागद अचानक फार मोलाचे वाटू लागलेत.

आता तेर्स, म्हणजे घरात म्हणायची जपमाळ. हा शब्द पोर्तुगीज, अर्थ ‘तिसरा भाग’. पूर्ण रोझरीत, म्हणजे अख्ख्या जपमाळेत, दीडशे ‘नमान मारिये’ या मारियेच्या प्रार्थना, त्यातल्या रोज पन्नास म्हणायच्या. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी गुरुवारसाठी प्रकाशाची पाच रहस्यं (जप करताना मनात आणायचे येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग) घातली, त्यामुळे हिशेबाने तो आता चौथा भाग झालाय. नाव कुणी बदललं नाही. जुन्या शामायांनी गुरुवारही बदलला नाही. त्या शेवटपर्यंत आनंदाचीच रहस्यं म्हणत राहिल्या. तिच्या आठवणीचा तेर्स गुरुवारी आला तर कुठली रहस्यं घ्यायची ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर अल्तारासमोरच वाद होतो.

तेर्साचा जो भाग सगळ्यात आधी हरवतो तो असतो शेवटी. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा नमानांचे पाच गट, संपली की घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायची. एकेका नावामागे एक ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना, सगळ्यात शेवटी सगळ्यांसाठी ‘सासणाचो विसव’, म्हणजे चिरविश्रांती. सासू, सासरे, दीर, जहाजावर गेलेला भाऊ, दोन महिन्यांचं गेलेलं मूल, आणि कधी कधी ज्याचं कुणीच उरलं नाही असा एखादा शेजारी. ही यादी तिच्या जिभेवर असते, कागदावर नाही. थकली की ती नावं गाळत नाही, फक्त भरभर म्हणते. म्हणून ऐकून लिहून घ्यायला गेलं तर निम्मी निसटतात. ती असतानाच शंभर पानी वही घ्यावी आणि एका नावाला एक ओळ द्यावी: नाव, नातं, गाव, मृत्यूचा महिना. साल आठवत नसेल तर ‘शेवटच्या दर्शनाच्या आधी’ असं लिहिलेलंही पुरतं. संत फ्रान्सिस झेवियरचं शव दहा वर्षांनी दर्शनाला काढतात, त्यावरून अंदाज बांधता येतो. ती गेली की यादीच्या शेवटी तिचं नाव.

बऱ्याच घरांत संध्याकाळी लादीनही ठेवतात. लादीन म्हणजे मारियेची लितानी, तिला एकेका नावाने हाक मारत म्हणायची प्रार्थना, लॅटिनमध्ये, जमलं तर दोन आवाजांत आणि व्हायोलिनवर. घरात अल्तारासमोर करा किंवा वाडीतल्या क्रुसापाशी; गिरगाव-वांद्र्याचे कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या वेळी उभारलेले आहेत. उघड्यावर मेणबत्त्या काचेच्या चिमणीत ठेवाव्यात, नाहीतर पहिल्या ‘किरीये’लाच विझतात. गडबड होते ती सुराची. मेस्त, म्हणजे गाणं चालवणारा, आपल्या गळ्याच्या सोयीने वर लावतो आणि ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणणाऱ्या म्हाताऱ्या तिसऱ्या ओळीला गप्प होतात. एक-दोन सूर खालीच धरायला त्याला आधी सांगावं. आणखी एक गोष्ट सांगावी. जून २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या लितानीत तीन नवी संबोधनं घातली. त्यातलं एक ‘सोलासियुम मिग्रान्तियुम’, स्थलांतरितांचा दिलासा. जुन्या वह्यांत ते नाही. ‘रेफुजियुम पेक्कातोरुम’ (पाप्यांचा आसरा) झालं की लगेच घ्यायचं. गाव सोडून आलेल्या बाईच्या लादिनीत ते गाळणं मला तरी पटत नाही.

लादीन झाली की उकडलेले हरभरे आणि खोबऱ्याचे काप वाटायचे. एक किलो कोरडे हरभरे उकडल्यावर दोन किलोच्या वर भरतात, पंचवीस माणसांना मूठमूठ पुरतात. आठ तास भिजवायचे, मीठ शिजत आल्यावर घालायचं. खोबरं आयत्या वेळी कापायचं. मुंबईच्या उकाड्यात ते तासाभरात बुळबुळीत होतं.

दफनभूमीचं थोडक्यात. मुंबईत बहुतेकांना खड्डा कायमचा मिळत नाही. काही काळाने तो पुन्हा वापरतात आणि हाडं भिंतीतल्या कोनाड्यात जातात. कोनाड्यासाठी अर्ज वेळेत करावा, चर्चच्या फलकावरच्या सूचना वाचत राहाव्यात. २ नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, फुलं महाग मिळतात, आदल्या दिवशी घ्यावीत.

पहिल्या नाताळाला बरीच घरं गोड करत नाहीत. दुसऱ्या नाताळाला प्रश्न येतो, दोदोल, म्हणजे गूळ आणि नारळाच्या दुधाची ती काळी वडी, कोण घोटणार?

प्रमाण असं: माडाचा काळा गूळ अर्धा किलो, तांदळाचं पीठ २०० ग्रॅम, नारळ ३, काजू ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ. गूळ गोव्याहूनच मागवा. उसाच्या गुळाने रंगही येत नाही, तो खारट-धुरकट वासही येत नाही. नारळाचं घट्ट दूध वेगळं काढायचं, पातळ वेगळं. पातळ दुधात गूळ विरघळवून गाळायचा. या गुळात रेती असते आणि ती दाताखाली आली की सगळी मेहनत वाया. गाळलेलं पूर्ण निवलं की मगच पीठ कालवायचं, कारण गरमात घातलं तर गुठळ्या होतात आणि त्या पुढे फुटत नाहीत. मग जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर घोटायला घ्यायचं. दाटायला लागलं की घट्ट दूध आणि मीठ. एकाच दिशेने ढवळायचं असं सांगतात, त्यात मला काही तथ्य दिसत नाही. उलथनं बुडाला लागलं पाहिजे, एवढंच खरं. पाऊण तासाने हात दुखायला लागतात आणि गोळा चकचकीत दिसतो. इथेच सगळे फसतात, आच बंद करतात, आणि दुसऱ्या दिवशी थाळीत खळ निघते. अजून निदान अर्धा तास थांबायचं. कडेने तेल सुटलं, गोळा उलथन्याबरोबर अख्खा फिरायला लागला, आणि निवलेला थेंब बोटाला चिकटला नाही, की काजू घालून थाळीत ओतायचं. रात्रभर हलवायचं नाही.

सकाळी सुरीला तेल लावून वड्या पाडायच्या. ताटं कुणाकुणाकडे जायची ते त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचं: घराचं नाव, किती वड्या, आणि त्यांच्याकडून गेल्या वर्षी काय आलं होतं.