आईच्या लुगड्याची चिंधी

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सहून मॅड्रन गाव दोनेक मैल, तिथून नवसाचा झरा आणखी मैलभर. आळंदी ते पंढरपूर तीनदा पायी गेलेली माझी आई फोनवर म्हणाली, "एवढ्याला वारी म्हणतोस होय रे?"

मॅड्रनची रीत अशी: दुखऱ्या जागेवर ओली चिंधी फिरवायची आणि झाडाला बांधायची. चिंधी कुजत गेली की दुखणंही जातं. आईचे गुडघे साताऱ्यात, मी कॉर्नवॉलमध्ये. पण तिच्या सुती लुगड्यांची गोधडी माझ्याकडे आहे. तिचा उसवलेला काठ कापून खिशात घातला.

झऱ्याला इंग्रजीत 'वेल' म्हणजे विहीर म्हटलं तरी ही आपल्यासारखी विहीर नव्हे. जमिनीतून पाझरणारं पाणी; कॉर्निश भाषेत 'फेन्तेन', म्हणजे झरा. शेवटची वाट झाडीतली, दलदलीची. डावा बूट घोट्यापर्यंत रुतला. पुढे फांद्याच दिसेनात इतक्या चिंध्या. जवळ जाऊन पाहिलं तर निम्म्या नायलॉनच्या रिबिनी, बुटांच्या नाड्या, एक प्लास्टिकची पिशवीसुद्धा. ह्या कधी कुजणार? काही तर फांदीत काचून सालीत रुतल्यात. नवस बोलणाऱ्याने निदान झाडाचा तरी विचार करावा.

थोडं पुढे सेंट मॅडर्नचं छप्पर नसलेलं देऊळ. दगडी भिंती, भिंतीलगत बसायला दगडी ओटे, कोपऱ्यातल्या कुंडात झऱ्याचं पाणी. सोळा वर्षं पांगळा असलेला जॉन ट्रेलिल इथे अंघोळ करून निजला आणि चालू लागला, असं एक्सेटरचे बिशप जोसेफ हॉल यांनी सतराव्या शतकात लिहून ठेवलंय. चर्चच्या सुधारकांना चमत्कार, नवस खपत नसत त्या काळात खुद्द बिशपने हे नोंदवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. मे महिन्यात आजारी पोरांना इथल्या पाण्यात तीनदा बुडवून काढत. लग्नाळू मुली काडीवर काडी आडवी टाचून पाण्यावर सोडत आणि किती बुडबुडे येतात ते मोजत. तितक्या वर्षांनी लग्न.

कुंडात हात घातला तर बोटं बधिर. चिंधी भिजवली, माझ्याच गुडघ्यावर फिरवली आणि मागे जाऊन एका मोकळ्या फांदीला सैलसर बांधली.

संध्याकाळी फोन केला. "नीट चोळलास ना?"

"हो, उजवा."

"अरे, माझा डावा दुखतो."