डाव्या हाताचा वेग आणि बोटांची उचल

गेल्या वर्षी जून महिन्यात माझा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत इतका दुखू लागला की, लोकलमध्ये कडी धरून उभे राहणेही कठीण झाले. त्याआधीचे दोन महिने मी रोज पहाटे पाऊण तास गिटारवर एकच गोष्ट करत होतो. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला १२० ठोक्यांवर लावायचा, एका ठोक्यात चार स्वर या हिशेबाने पाचव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी आणि तिच्यामागचे घरही) चारही बोटे एकामागून एक टाकत जाड तारेवरून बारीक तारेपर्यंत जायचे, तसेच परत यायचे, आणि स्वर तुटले तरी थांबायचे नाही. सोलो, म्हणजे गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा, वाजवण्यासाठी हात तयार करायचा तर बोटांत ताकद हवी आणि ताकद घासूनच येते, अशी माझी पक्की समजूत होती. डॉक्टरांनी तीन आठवडे गिटारला हात लावण्यास मनाई केली. त्या तीन आठवड्यांत मी आधी मोबाइलवर टिपून ठेवलेले माझे स्वतःचे वादन आवाज बंद करून, संथ गतीने पुन्हा पुन्हा पाहिले आणि माझी समजूत कुठे चुकली ते लक्षात आले. बोट तारेवर वेळेवर पडत होते. वेळ जात होता तो बोट उचलण्यात आणि उचललेले बोट परत खाली आणण्यात.

१२० च्या लयीत एका ठोक्याला चार स्वर म्हणजे सेकंदाला आठ स्वर, आणि प्रत्येक स्वराच्या वाट्याला एक अष्टमांश सेकंद. एवढ्या वेळात एक बोट दाबले जायला हवे आणि पुढचे तयार असायला हवे. माझी करंगळी प्रत्येक स्वरानंतर तारेपासून जवळजवळ तीन सेंटिमीटर वर जात होती, अनामिका त्याहून थोडी कमी. खाली तार आणि फ्रेट यांमधले अंतर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असते. म्हणजे जे काम दोन मिलिमीटरमध्ये होते, त्यासाठी मी करंगळीला जाऊन-येऊन सहा सेंटिमीटर फिरवत होतो, आणि ती वेळेवर पोहोचत नाही म्हणून आणखी जोर लावत होतो.

यामागे शरीराची रचना आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय सराव करू नये असे माझे आता ठाम मत झाले आहे. बोटे वाकवणारे आणि ताठ करणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांमधल्या भागात असतात आणि दोरीसारख्या लांब कंडरांनी बोटांना ओढतात. बोटे वर उचलणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे अनामिका सर्वांत जास्त बांधली जाते. तळहात टेबलावर पालथा ठेवून मधले बोट दुमडून तळव्याखाली घ्यावे आणि मग अनामिका उचलण्याचा प्रयत्न करावा. ती जवळपास हलतच नाही. हा बंध व्यायामाने तुटत नाही. त्यामुळे अनामिका आणि करंगळी यांना पूर्ण स्वतंत्र करण्याच्या नादात जो उंच-उंच बोटे उचलण्याचा व्यायाम अनेक जण शिकवतात, तो मी पूर्णपणे सोडून दिला. उचल जितकी कमी, तितकी या बंधाची आडकाठी कमी.

विश्रांतीनंतर पहिला आठवडा मी एकही सोलो वाजवला नाही. फक्त दाब मोजला. कृती सोपी आहे. बोट तारेवर नुसते टेकवावे आणि उजव्या हाताने तार छेडावी. फक्त बद्द आवाज येतो. मग दाब अगदी हळूहळू वाढवत तार छेडत राहावे. आधी तार फ्रेटवर खरखरते, आणि एका क्षणी स्वर स्वच्छ होतो. तेवढाच दाब पुरेसा आहे. मी सवयीने त्याच्या कितीतरी पट दाबत होतो, हे पहिल्याच दिवशी कळले. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे ठेवले तर हा दाब आणखी कमी लागतो. दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवले तर वाढतो. अंगठ्याचेही तसेच. गिटारच्या मानेमागे अंगठा आवळून धरला की चारही बोटे आपोआप कडक होतात. म्हणून रोज काही मिनिटे मी अंगठा मानेपासून पूर्ण सोडून तोच तुकडा वाजवतो. तार खेचून स्वर चढवायचा असेल तेव्हा अंगठा मानेवरून वर येतो आणि पकड घट्ट होते, ते योग्यच आहे. पण ती पकड पुढच्या धावत्या तुकड्यात तशीच राहिली की वेग तिथेच संपतो.

दाब कमी करण्याचा अर्थ बोट हवेत उचलणे असा नव्हे. स्वर संपला की दाब सोडायचा, बोट मात्र तारेला टेकलेले किंवा तारेच्या अगदी वर राहू द्यायचे. याचा दुसरा फायदा इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारे डिस्टॉर्शन लावल्यावर कळतो. उंच उचललेले बोट मागे मोकळी तार सोडते आणि ती गुणगुणत राहते; टेकलेले बोट तिला गप्प ठेवते. ॲम्पमधून, म्हणजे गिटारच्या ध्वनिवर्धकातून, येणारी अस्वच्छता ही माझ्या उजव्या हाताची चूक आहे असे मी कित्येक महिने मानत होतो, आणि तिचा मोठा भाग डाव्या हाताचा निघाला.

लहानपणी मी तबला शिकत होतो, प्रवेशिकेच्या परीक्षेपर्यंत. तेव्हा गुरुजी कायदा (बोलांची एक ठरलेली रचना) आधी ठाय, म्हणजे संथ लयीत वाजवून घेत, मग त्याच मात्रांत दुगुन, म्हणजे दुप्पट, आणि मग चौगुन, म्हणजे चौपट. आणि दुगुनीत हात उंच जाऊ लागला की थांबवून पुन्हा ठायीत आणत. गिटार हाती घेतल्यावर मी हे सारे विसरलो होतो. रोज मेट्रोनोम दोन-दोन अंकांनी पुढे ढकलण्याची जी पद्धत सर्रास सांगितली जाते, तिच्यात एक अडचण आहे: लय इतकी हळूहळू वाढते की हात कुठे आवळू लागला हे कळतच नाही, आणि आवळलेल्या हातानेच पुढचा टप्पा गाठला जातो. ठाय-दुगुनमध्ये तसे होत नाही. मेट्रोनोम ६० वर ठेवून एका ठोक्याला दोन स्वर वाजवले आणि लगेच एका ठोक्याला चार वाजवले, की दोन्ही वेळच्या हाताची तुलना ताजी असते. ठायीत हात कसा होता तसाच दुगुनीत आहे का, हा एकच प्रश्न विचारायचा. नसेल तर ठोका बदलायचा नाही.

याला मी दुसरी एक गोष्ट जोडली, आणि माझ्या मते सर्वाधिक फरक तिनेच पडला. तबल्यात लहानसा तुकडा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात, तसे १२० च्या लयीत फक्त पाच स्वर वाजवायचे: चार स्वर एका ठोक्यात आणि पाचवा पुढच्या ठोक्यावर. मग तीन ठोके पूर्ण थांबायचे आणि त्या वेळात हात सैल झाला आहे की नाही ते पाहायचे. पाच स्वरांसाठी दम लागत नाही, त्यामुळे हाताला आवळण्याचे कारण उरत नाही आणि वेगातली खरी हालचाल त्याला अनुभवता येते. पाच सहज जमले की नऊ, मग सतरा. सतरा स्वरांवर मी सुमारे पाच आठवडे अडकलो होतो, आणि अडचण तार बदलण्याच्या जागी होती. बोटे त्याच तारेवर असताना काही बिघडत नव्हते.

जागेचाही विचार करायला हवा. २५.५ इंच म्हणजे ६४८ मिलिमीटर लांबीची तार असलेल्या गिटारवर पहिल्या चार फ्रेटना मिळून सुमारे १३४ मिलिमीटर जागा असते, तर बाराव्यापासून पंधराव्यापर्यंतच्या चार फ्रेटना सुमारे ७१ मिलिमीटर. जवळजवळ निम्मी. नवशिक्यांना पहिल्या फ्रेटपासून चार बोटांचा व्यायाम करायला लावणे म्हणजे हात पूर्ण ताणून धावायला लावणे आहे. सुरुवात बाराव्या फ्रेटच्या आसपास करावी आणि हालचाल लहान व सैल झाल्यावर एकेक फ्रेट खाली उतरावे. सोलो बहुधा मानेच्या वरच्या भागातच वाजतात, त्यामुळे यात काही गमावतही नाही.

चार बोटांचा तो सरळ व्यायाम मी आता पाच मिनिटांपेक्षा जास्त करत नाही, कारण कोणत्याही सोलोमध्ये तो तसाच येत नाही. त्याऐवजी ए मायनर या स्वरमालेत एका तारेवर तीन स्वर घेतो (आकडे फ्रेटचे, आणि सहावी तार सर्वांत जाड): सहाव्या आणि पाचव्या तारेवर ५-७-८, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ५-७-९. पहिल्या आकारात तर्जनी, अनामिका, करंगळी अशी बोटे पडतात, आणि अनामिका-करंगळीची बांधलेली जोडी नेमकी तिथे कामाला लागते. वर जाताना प्रत्येक तारेवर पहिला स्वरच पिकने छेडायचा आणि पुढचे दोन हॅमर-ऑनने, म्हणजे न छेडता डाव्या हाताचे बोट तारेवर आपटून, काढायचे. उतरताना पुल-ऑफ, म्हणजे बोट तार ओढून सोडते ती क्रिया, सतारवादक ज्याला कृंतन म्हणतात त्याच जातीची क्रिया. उतरताना एक गोष्ट सांभाळावी लागते: करंगळीने तार ओढून सोडण्याआधी खालची दोन्ही बोटे आपापल्या जागी टेकलेली हवीत. चढताना मागची बोटे राहू द्यायची, उतरताना पुढची आधीच ठेवायची. उतरण माझी अजूनही कच्ची आहे.

वाद्याकडे दुर्लक्ष करून हातालाच दोष देणे हाही अन्याय आहे. माझ्या गिटारची ॲक्शन, म्हणजे तार आणि फ्रेट यांमधले अंतर, बाराव्या फ्रेटवर तीन मिलिमीटरच्या वर गेली होती. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने मानेतील ट्रस रॉड (मानेचा वाक ठरवणारा लोखंडी गज) आणि ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) जुळवून ती दोनच्या आत आणली, आणि मी ०.०१० इंची पहिल्या तारेचा संच काढून ०.००९ चा लावला. डोंबिवलीच्या पावसाळ्यात तारा लवकर गंजतात आणि गंजलेल्या तारेवर बोट सरकत नाही, म्हणून वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसून ठेवतो.

ताकदीविषयीचा भ्रम दूर व्हायला मला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची फार मदत झाली. १९२८ मध्ये लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली, आणि त्यानंतर त्याने बहुतांश सोलो तर्जनी आणि मधले बोट या दोघांवर वाजवले. ऐकताना त्या धावत्या ओळी दोन बोटांच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. तो मानेवर आडवा सरकतो, हात पूर्ण जागेवरून हलवतो आणि प्रत्येक बोटाला नेमके काम देतो. ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा, म्हणून त्याचा फ्रेटवरचा हात उजवा. कारखान्यातील अपघातात त्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोके गेली, तेव्हा त्याने बोटांना टोप्या बनवल्या आणि तारा हलक्या लावल्या. दोघांनीही हाताची मर्यादा आधी मान्य केली आणि हालचाल तिच्याभोवती रचली.

सध्या पहाटेचा पाऊण तास मी तीन भागांत वाटला आहे आणि मध्ये दोन-दोन मिनिटे हात खाली सोडून बसतो. हाताला ऊब आल्यासारखे वाटले तर पुढे जातो. मनगटाजवळ ओढ किंवा टोचणी जाणवली तर त्या दिवशी गिटार पेटीत ठेवतो. चढती ओळ १२० वर सतरा स्वरांपर्यंत स्वच्छ येते. उतरती १०४ वर आली आहे, आणि चौथ्या तारेवरून पाचव्या तारेवर येताना करंगळी अजून बोटभर वर उडते. हा महिना १०४ वरच राहणार आहे.