कुंडलिकेचं पाणी आणि काठावरची पोपटी

कोलाड नाक्यावर मुंबई–गोवा महामार्ग सोडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की सुतारवाडीच्या आसपास झाडांतून कुंडलिका नदी दिसू लागते. जानेवारीत आजूबाजूचे ओढे कोरडे पडलेले, हिला मात्र भरपूर पाणी. हे पाणी येतं घाटमाथ्यावरून. मुळशी धरणातलं पाणी भिऱ्याला उतरतं, तिथे 1927 पासून त्यावर वीज तयार होते आणि मग ते रवाळजेमार्गे नदीत येतं. राफ्टिंगही याच पाण्यावर चालतं.

म्हणून इथे पोहायचं ते विजेच्या वेळापत्रकाने. पाणी सहसा सकाळी सुटतं, पण रोजची वेळ तीच असेल असं नाही. आधी राफ्टिंगवाल्यांना किंवा गावात विचारायचं आणि लोंढा ओसरल्यावरच उतरायचं. काठच्या दगडांवर वाळलेल्या गाळाची फिकट रेघ दिसते. पाणी तिथवर चढून गेलेलं असतं. सतरंजी, डबे, चपला त्या रेघेच्या वर. उतरण्याआधी पाण्यालगतच्या एका दगडावर कोळशाने खूण करा आणि काठावर बसलेल्या एकाने दर दहा मिनिटांनी ती बघायची. खूण बुडाली किंवा पालापाचोळा वाहत येऊ लागला की सामान सोडून आधी माणसं बाहेर. नदीच्या मधल्या खडकावर बसायचा मोह होतो, तो टाळाच. पाणी वाढताना खडक आणि काठ यांमधली उथळ धार आधी भरते आणि परतीची वाट तुटते.

तळाला गुळगुळीत गोटे आणि शेवाळ. अंगठ्याच्या चपला निसटतात. मागे पट्टा असलेले सँडल घाला. सूर मारू नका, काठीने खोली बघत उतरा. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. धारेत सापडलात तर उभं राहायची धडपड करू नका, कारण पाय दगडांच्या फटीत अडकला की पाणी अंगावरून जातं. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि हात मारत तिरकं काठाकडे सरका.

पोहून झाल्यावर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, हवीच, आणि तिचा हंगाम हिवाळ्याचा. मडक्याच्या तळाला भांबुर्डी या रानझुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. मग अंडी, बटाटे, केळीच्या पानात बांधलेलं मसाला लावलेलं चिकन, पुन्हा शेंगा. तोंड पाल्याने गच्च बंद. आत पाण्याचा थेंबही घालायचा नाही, शेंगा स्वतःच्या वाफेवर शिजतात. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या आणि सुकं गवत रचून पेटवायचं. तोंड सैल राहिलं तर वाफ निघून जाते आणि वरच्या शेंगा करपून मधलं चिकन कच्चं राहतं.

जाळ जागामालकाला विचारून, काठावरच्या मोकळ्या मातीत करा. नदीतले ओले गोटे चुलीला लावू नका, आतलं पाणी तापून ते फुटतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे. चर्र होऊन ते क्षणात उडाले की पोपटी झाली. पाला बाजूला केला की भांबुर्डीचा उग्र वास येतो, आणि शेंग दोन बोटांत दाबली की दाणा आपोआप बाहेर.