पर्सचे पैसे कोणाच्या खात्यात?

मी नाशिकला वकिली करतो, सीबीएसजवळ ऑफिस आहे, आणि बॉक्सिंगचं वेड शाळेपासूनचं, त्यामुळे सातपूरचा एक साठ किलो गटात खेळणारा पोरगा वडिलांसोबत करारपत्र घेऊन आला त्या दिवशी बाकीच्या फायली तशाच राहिल्या. प्रो बनवतो म्हणणारा कुणी मॅनेजर भेटलेला, त्याला सही लगेच हवी होती.

वाचलं आणि डोकंच फिरलं. पर्सचे, म्हणजे फाइट खेळण्याच्या मानधनाचे, सगळे पैसे आधी मॅनेजरच्या खात्यात, खर्च वजा करून उरेल ते पोराला, हिशोब दाखवायचं कुठेच नाही. वर मुदत संपल्यावरही दुसऱ्याशी करार करायचा तर आधी यालाच विचारायचं.

मला अमेरिकन बॉक्सर आयक विल्यम्स आठवला. जन्म 1923, जॉर्जियातला, वाढला ट्रेंटनला. 1945 मध्ये मेक्सिको सिटीत जुआन झुरिताला दुसऱ्याच राउंडला पाडून लाइटवेट टायटल घेतलं, 1947 ला त्याच गटाचा दुसरा चॅम्पियन बॉब माँटगोमेरीला हरवून एकमेव चॅम्पियन झाला. काय जबरदस्त उजवा हात होता! पण स्वतःचा कारभार स्वतः बघतो म्हणाला तर मॅनेजरांच्या संघटनेने त्याच्यावर बहिष्कार टाकला, फाइटच मिळेनात, शेवटी ब्लिंकी पालेर्मो या गुंडाच्या हाताखाली जावं लागलं. पुढे अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे त्याने सांगितलं की दोन मोठ्या फाइटचे पैसे त्याला मिळालेच नाहीत, आणि टॅक्स मात्र त्यालाच भरावा लागला.

पोरगा म्हणाला, "पण सर, तो तर चॅम्पियन होता ना?" म्हटलं, हो रे, 1951 ला जिमी कार्टरकडून हरेपर्यंत होताच, आणि हे त्याच काळातलं.

वडील गप्पच होते, मग हळूच म्हणाले, "साहेब, आता काय करायचं?"

मुदतीनंतरच्या अटीचं सोपं होतं. करार कायद्याचं कलम 27 आहे, कुणाला आपला धंदा करण्यापासून अडवणारी अट त्यात रद्द ठरते, आणि आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या केसमध्ये 2006 ला सुप्रीम कोर्टाने अशाच प्रकारची अट रद्दबातल धरलेली. पैशांचं मात्र कायदा आपोआप करत नाही, ते कागदावरच आणावं लागतं. म्हणून मी लिहून दिलं, पर्स थेट पोराच्या खात्यात, मॅनेजरचं कमिशन नंतर, प्रत्येक खर्चाची पावती, दर महिन्याला हिशोब.

मॅनेजरचा फोन आला, मुदतीनंतरची अट काढायला तयार होता, हिशोबाला मात्र नाहीच म्हणाला. वडिलांनी कागद सही न करता परत पाठवला.