दार उघडलं त्या दिवसापासून गुन्हा नोंद होईपर्यंत

नोव्हेंबर २०२४ मधला मंगळवार, सकाळचे सव्वानऊ. पुण्यात सहकारनगरहून शिवाजीनगरला ऑफिसला निघाले होते, गेली नऊ वर्षं जाते तशीच, सायकलवर. पेठांमधल्या एका रस्त्यावर डाव्या हाताला गाड्यांची रांग लागलेली होती. त्यातल्या एका पांढऱ्या गाडीचं चालकाच्या बाजूचं दार एकदम उघडलं. दाराची कड माझ्या डाव्या ब्रेकवर बसली, हँडल फिरलं आणि मी उजव्या अंगावर भर रस्त्यात पडले. मागून पीएमपीची बस येत होती. ती थांबली. किती जवळ थांबली हे मला चार दिवसांनी कळलं.

गाडीतून तिशीतला एक मुलगा उतरला. हातात फोन तसाच. "काकू, कडेनं चालवायची ना सायकल!" हे त्याचं पहिलं वाक्य. मी कडेनंच चालवत होते. कडेला होते म्हणूनच त्या दाराच्या टप्प्यात आले. आपल्या शहरात सायकलवाल्याला सगळे हेच सांगतात, कडेनं जा. आणि कडेला तर गाड्या लावलेल्या असतात.

त्यानं खिशातून दोन हजार रुपये काढले. मी बहुधा घेतलेही असते, कारण खांद्यातून अशी कळ येत होती की तिथून उठून घरी जावं एवढंच सुचत होतं. पण समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातले दादा रस्ता ओलांडून आले. मला धरून फुटपाथवर बसवलं, पाणी दिलं आणि बिलबुकाच्या एका पानामागे गाडीचा नंबर लिहून पान माझ्या पर्समध्ये घातलं. "ताई, पैशाचं नंतर बघू. आधी दवाखाना." जखमीला दवाखान्यात पोचवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाची जबाबदारी आहे, हे मला पुढे समजलं. त्या दिवशी मला पोचवलं ते दादांच्या भाच्यानं, रिक्षातून.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "एमएलसी करायची का?" म्हणजे पोलिसांत जाणारी वैद्यकीय नोंद. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या नातेवाईक बाई कळवळून म्हणाल्या, "नको हो, खेपा माराव्या लागतात." मी डॉक्टरांना हो म्हटलं. एक्सरेत उजवीकडचं कॉलरबोन मोडलेलं दिसलं. ऑपरेशन लागणार नव्हतं, पण सहा आठवडे हात झोळीत. तुम्हाला कधी अशी वेळ आलीच तर ही नोंद त्याच दिवशी करून घ्या. माझ्या हातात ती नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

संध्याकाळी नवऱ्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तिथले अंमलदार वागायला वाईट नव्हते, खुर्ची दिली, चहा विचारला. पण सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, गाडी तर उभी होती. रॅश ड्रायव्हिंग कसं लावणार? एनसी करून देतो, सही करा." एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. ती झाली की न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. कागदावर नाव चढतं आणि विषय तिथे संपतो. खांदा ठणकत होता, नवरा म्हणत होता की उद्या बघू. मी सही न करता घरी आले. त्या सगळ्या दिवसांत मी केलेली सगळ्यात योग्य गोष्ट हीच.

ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ वकिली करतो. फोनवर त्यानं दहा मिनिटांत उलगडून सांगितलं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकार वाहन चालवण्याचं आहे. गाडी उभी असेल तर त्यावर वाद होऊ शकतो. पण कलम १२५ कुठल्याही हयगयीच्या कृतीला लागतं, ज्यानं दुसऱ्याच्या जिवाला धोका होतो. मागे न बघता दार उघडणं ही अशीच कृती. शिवाय हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत, म्हणजे १२५ (ब), शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि हा गुन्हा दखलपात्र आहे, एनसीचा प्रश्नच येत नाही. तो म्हणाला, "तोंडी बोलू नका. अर्ज लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर अर्ज मिळाल्याचा आवक शिक्का मारून घ्या."

उजवा हात झोळीत, म्हणून अर्ज मुलीनं लिहिला. मी सांगत गेले. ती मध्येच थांबून म्हणाली, "आई, बस किती लांब होती?" मला सांगता येईना.

म्हणून चौथ्या दिवशी त्या दुकानात गेले. दादांच्या कॅमेऱ्याचं चित्रण सात दिवस टिकतं, नंतर त्यावरच नवं चढतं. त्यांनी आठवणीनं तेवढा भाग पेनड्राइव्हवर काढून ठेवला होता. काउंटरवरच्या छोट्या पडद्यावर आम्ही तो बघितला. दार उघडतं, सायकलचं पुढचं चाक काटकोनात वळतं, आणि माझी निळी ओढणी बसच्या सावलीत जाते. मग बस अख्खी पुढे दबते आणि थांबते. माझं हेल्मेट आणि बसचा पुढचा टायर यांच्यामध्ये जेमतेम एक हातगाडी मावली असती. दादांनी चित्र तिथेच थांबवलं. दुकानात वह्या घ्यायला आलेली दोन मुलंही गप्प उभी होती. त्या बसचालकाचं नाव मला माहीत नाही. त्यांचे आभार मानायचे राहिले आहेत, ते इथे मानते.

अर्ज दिला. कलम, एमएलसीची प्रत, एक्सरेचा अहवाल, चित्रण, सगळं जोडलं. आठवडा होत आला तरी हालचाल नाही. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे तोच अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे रजिस्टर पोस्टानं पाठवला. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर ही वाट कायद्यानंच दिलेली आहे, त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही. अकराव्या दिवशी ठाण्यातून फोन आला आणि गुन्हा नोंद झाला. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. मी तिथेच बसून ती शब्दन् शब्द वाचली.

पंचनाम्याला हवालदार आले तेव्हा त्यांनी सायकलपुढे लिहिलं, "जुनी वापरती सायकल, किरकोळ नुकसान." मी म्हटलं, साहेब, फोर्क वाकलाय, पुढची रिम आठ झालीय, डावा ब्रेक तुटलाय, तसं लिहा. त्यांनी वर पाहिलं. "सायकलच आहे ना, ताई." माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं सायकलवर गेले. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा, मोटारीच थांबायच्या. ते मी हवालदारांना सांगितलं. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि एकेक भाग विचारून लिहिला.

नुकसानभरपाईचं वेगळं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करावा लागतो, आणि कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. आपल्याकडे सायकलचा विमा नाही म्हणून लोक मागे हटतात. विमा त्या गाडीचा बघायचा असतो, तृतीय पक्षाचा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा, तो प्रत्येक मोटारीला सक्तीचा आहे. विमा कंपनीनं पुन्हा तेच उत्तर दिलं, गाडी उभी होती. त्यावर आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल दाखवला. सातारा जिल्ह्यात महामार्गाच्या कडेला उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरच्या स्फोटाचं ते प्रकरण. टँकर जागेवर पडून असला तरी तो 'वापरात'च होता, असं न्यायालयानं म्हटलं. पुढच्या वर्षी लोकअदालतीत तडजोड झाली. औषधोपचार, बुडालेला पगार आणि सायकलची दुरुस्ती निघाली. फौजदारी खटला अजून चालू आहे.

लोकअदालतीत तो मुलगा भेटला. आईला घेऊन आला होता. त्यानं माफी मागितली, मनापासून. मी त्याला एवढंच सांगितलं की गाडीचं उजवं दार डाव्या हातानं उघडत जा. तसा हात नेला की खांदा वळतो आणि मान आपोआप मागे जाते. बाकावर बसल्या बसल्या त्यानं हात नेऊन बघितला. मग त्याच्या आईनंही.

फेब्रुवारीत मी पुन्हा सायकल काढली. आता लावलेल्या गाड्यांपासून पुरतं एक दार उघडेल एवढं अंतर ठेवून चालवते, म्हणजे मीटरभर तरी. मागून हॉर्न वाजतात, कधी शिवीही येते. मी उजवा हात दाखवते, डावीकडच्या गाड्यांच्या काचांमधून आत डोकी दिसतायत का ते बघते आणि रांग संपली की बाजू देते.