गुडघा बदलल्यावर घरकामाला कधी लागलात?

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आता एकदा सविस्तर लिहिते. विचारणारीची ऑपरेशनची तारीख बहुतेक ठरलेली असते. टेबलावर काय होणार याची तिला फारशी धास्ती नसते. घोर लागलेला असतो तो घराचा.

तर उत्तर असं. बसल्या बसल्या होणारी कामं मी घरी आल्यावर लगेच हातात घेतली. उभं राहून सगळा स्वयंपाक करायला दीड-दोन महिने गेले, आणि वाकायची, ओझं उचलायची कामं त्याच्याही नंतर आली. पण हे वेळापत्रक माझं. तुमच्या गुडघ्याचं वेळापत्रक तुमचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. खुब्याचा सांधा बदलला असेल तर वाकण्या-बसण्याचे नियम आणखी वेगळे असतात.

सगळे गुडघ्याची चौकशी करतात, पण सुरुवातीला खरे अडकतात ते हात. वॉकर धरला की दोन्ही हात त्यातच जातात. पाण्याचा भरलेला पेला ओट्यावरून टेबलापर्यंत नेता येत नाही. मी वॉकरला पुढून एक कापडी पिशवी बांधून घेतली होती. झाकणाची बाटली, चष्मा, मोबाइल, गोळ्या, सगळं त्यात. गरम काही मात्र स्वतः न्यायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं. पुढे काठी आली तेव्हा एक हात मोकळा झाला. ही काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, म्हणजे त्या पायावरचा भार हलका होतो. जिना चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

तयारी मात्र आधीच करून ठेवा. रोजची भांडी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणा. पायात येणारी पायपुसणी, सतरंज्या, वायरी उचला. हात टेकवून उठता येईल अशी उंच, भक्कम खुर्ची हवी.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. ‘मी दिवसभर घरात हिंडते-फिरते, मग वेगळा व्यायाम कशाला?’ असं पुष्कळजणी म्हणतात, आणि ते ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत सांध्याभोवती व्रणाची नवी ऊती तयार होत असते. त्या काळात गुडघा नीट वाकवला नाही, पूर्ण सरळ केला नाही, तर तो आखडतो आणि पुढे सोडवणं अवघड होतं. साध्या खुर्चीतून नीट उठायलाही गुडघा साधारण ९० अंश वाकावा लागतो. ओट्याशी तासभर उभं राहून त्यातला एकही अंश वाढत नाही, उलट सूज वाढते. आणि सुजलेला गुडघा वाकत नाही. म्हणजे ज्या गुडघ्यासाठी एवढं मोठं ऑपरेशन सोसलं, त्याच्याच व्यायामाचा वेळ आणि ताकद घरकाम खाऊन टाकतं.

म्हणून माझ्या दिवसात व्यायाम आधी आणि घर नंतर असायचं. वेदनेची गोळी घेतली की अर्ध्या तासाने व्यायाम. मग पाय उंचावर ठेवून कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. त्यानंतर जे उरेल ते घराला. पाय सरळ करताना टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची. घरचे मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात, बरंही वाटतं, पण ती काढून टाका. वाकलेल्या गुडघ्याला तसंच राहायची सवय लागते.

मग घर कोणी केलं? घरच्यांनीच. मात्र मी कुणाला ‘मदत कर’ म्हटलं नाही. मदत करणारा येऊन विचारतो, साबण कुठाय, हे कपडे वेगळे धुवायचे का, आज काय करायचं? प्रत्येक प्रश्नाला आपण खुर्चीतून उठतो. त्यापेक्षा एक काम एकाकडे पूर्ण सोपवायचं. धुणं यांच्याकडे म्हणजे साबण संपत आलाय हे बघणंसुद्धा यांच्याकडे. घड्या माझ्यासारख्या झाल्या नाहीत, पण कपडे स्वच्छ होते. माझ्या मते बरं होण्यातलं हे सगळ्यात कठीण काम, व्यायामाहूनही.

रात्री झोप मोडते, विशेषतः सुरुवातीला, त्याने घाबरू नका. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागते, कारण चिरा देताना त्वचेच्या बारीक नसा तुटतात. संध्याकाळची सूज काही महिने राहू शकते.

पण पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, छातीत दुखलं, जखमेतून पाणी यायला लागलं किंवा ताप चढला, तर ताबडतोब डॉक्टरांना गाठा. धाप किंवा छातीतलं दुखणं असेल तर थेट रुग्णालयच. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. ही लक्षणं घरातल्या एकाला तरी आधीच नीट सांगून ठेवा, कारण ‘एवढं हातातलं आवरते, मग बघू’ म्हणायची आपल्याला फार सवय असते.